थेंब वळत नाही तेव्हा

नाशिक, जानेवारी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिपच्या केसाएवढ्या बारीक चॅनलमध्ये तेलातून वाहणारे पाण्याचे थेंब विजेने ओढून बाजूच्या वाटेला वळवायचे आहेत, पण व्होल्टेज वाढवलं की थेंब वळायच्या ऐवजी इलेक्ट्रोडकडच्या भिंतीलाच चिकटतो, असं लिहिलंस. मग आधी व्होल्टेजच्या बटणावरचा हात काढ. दोष बहुधा भिंतीत आहे. प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन काचेवर बसवलेलं पीडीएमएस, म्हणजे चिपचं पारदर्शक सिलिकॉन रबर, काही काळ पाण्याला जवळ करतं. ऐसपैस चॅनलमध्ये ते खपून जातं. थेंब चॅनलभर असला की भिंतीलगत तेलाचा जेमतेम पापुद्रा उरतो, आणि विद्युत क्षेत्र थेंबाला नेमकं तिकडेच ओढतं. पापुद्रा फाटला की थेंब तिथेच बसला. चिप ८० अंशांवर निदान रात्रभर ठेव, म्हणजे भिंत पुन्हा पाण्याला दूर ठेवेल. मिनरल ऑइलमध्ये २ टक्के स्पॅन ८० (थेंब एकमेकांत मिसळू न देणारं रसायन) घाल. मात्र या तेलाने पीडीएमएस हळूहळू फुगतं, तेव्हा वापरलेल्या चिपची मापं पुन्हा घे. थेंब उंचीत दबलेला चालेल, रुंदीत नको: ५० मायक्रॉनच्या थेंबाला ८० ते १०० मायक्रॉन रुंदी दे.

आता वीज. डीसी नको. पीडीएमएस आणि तेलाच्या सीमेवर विद्युतभार साचत जातो आणि क्षेत्र थेंबापर्यंत पोचेनासं होतं. २० ते ३० किलोहर्ट्झ एसी घे.

इथे बहुतेक जण अँप्लिफायरपासून (व्होल्टेज वाढवून देणाऱ्या यंत्रापासून) चिपपर्यंतची केबल विसरतात. मीटरभर कोअ‍ॅक्सची (जाळीचं आवरण असलेल्या केबलची) धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, सुमारे १०० पिकोफॅरड. ३० किलोहर्ट्झला ३०० व्होल्ट शिखर द्यायचं तर एकट्या केबललाच ५.७ मिलीअँपिअर लागतात. तुझा अँप्लिफायर २ मिलीअँपिअरचा असेल तर पडद्यावरचा आकडा खोटा समज. वायर वीतभर ठेव आणि १००:१ प्रोबने (व्होल्टेज शंभरपट कमी करून मोजणाऱ्या) चिपपाशीच मोज. वायरला हात लावण्याआधी अँप्लिफायर बंद, हे सांगायला नकोच.

१०० व्होल्टपासून ५०-५० ने चढ. वरची मर्यादा थेंब स्वतःच घालून देतो. त्रिज्या २५ मायक्रॉन, पृष्ठताण मीटरला ५ मिलिन्यूटन धरला, तर मिनरल ऑइलमध्ये साधारण १.४ व्होल्ट प्रति मायक्रॉनला थेंब टोकदार होऊन फुटतो. हा हिशेब मोकळ्या थेंबाचा आहे. भिंतींमध्ये दबलेल्याला तो तंतोतंत लागू नाही, म्हणून निम्म्यावरच थांबून बघ.

थेंबावरची विजेची ओढ त्रिज्येच्या घनाने आणि व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. त्रिज्या १० टक्के घटली की ओढ २७ टक्के जाते, ती भरून काढायला व्होल्टेज १७ टक्के वाढवावं लागतं. म्हणजे थेंब एकसारखे नसतील तर एकच व्होल्टेज सगळ्यांना पुरणार नाही. तेल आणि पाणी ढकलणाऱ्या पंपाला सिरिंज १ मिलिलिटरची लाव. मोठ्या सिरिंजमध्ये पंपाच्या मोटरचा एकेक टप्पा थेंबाच्या आकारात उमटतो. नळीतले बुडबुडे काढ, आणि प्रवाह बदलल्यावर १५-२० मिनिटं थांब.

आपल्याकडच्या थंडीचंही भान ठेव. सकाळी गार खोलीत तेल घट्ट असतं, बाजूला सरकणाऱ्या थेंबाला जास्त अडवतं. दुपारी तोच थेंब त्याच व्होल्टेजला वळतो. प्रत्येक नोंदीपुढे तापमान लिही.

पुढच्या पत्रात प्रोबचं वाचन, थेंबाचा व्यास आणि चिप किती दिवसांची आहे तेवढं कळव.