शाळेच्या पाटीवरचा 'जीवन' कोण?

प्रश्न असा आला आहे: 'गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर "जीवन शिक्षण विद्यामंदिर" असं लिहिलंय. हे जीवन कोण? देणगीदार का?'

नाही, जीवन नावाचे कुणी गृहस्थ नाहीत. म्हणून तर त्याच नावाच्या शाळा एकमेकींपासून कोसांवर सापडतात. हे नाव गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे कामातून शिकवण्याच्या नव्या शिक्षणाच्या, विचारातलं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने आराखडा केला: सात वर्षांचं मोफत, मातृभाषेतलं शिक्षण, तेही एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. मराठीत त्याला 'मूलोद्योग शिक्षण' म्हणत. पोरं टकळीवर सूत काढत आणि त्यातूनच मोजमाप, हिशेब शिकत. जीवनासाठी, जीवनातूनच शिक्षण, ते जीवनशिक्षण. सूतकताई केव्हाच बंद पडली, पाटी तेवढी राहिली. शिक्षण खात्याचं मासिकही 'जीवन शिक्षण' याच नावाचं आहे.

'मंदिर'चं काय? संस्कृतात मंदिर म्हणजे घर, निवास. देऊळ हा अर्थ नंतर घट्ट झाला. पण ऐकणारा कोश उघडून ऐकत नाही. त्याच सुमारास मध्य प्रांतात तिथले मंत्री रविशंकर शुक्लांनी 'विद्यामंदिर' योजना आणली, तेव्हा मुस्लिम लीगने या नावालाच हरकत घेतली होती. माझ्या मते ती अगदीच अनाठायी नव्हती.

'जिल्हा परिषद' हे बिरुद मात्र 1962 नंतरचं. त्याआधी जिल्ह्याच्या लोकल बोर्डावरून याच शाळांना 'बोर्डाची शाळा' म्हणत, आणि म्हातारी माणसं पुढेही तसंच म्हणत राहिली. मराठवाड्यात गेलात तर हायस्कुलाच्या जागी 'प्रशाला' दिसेल. शहरात नगरपालिकेने नावाची भानगडच ठेवली नाही: शाळा नंबर चार, संपलं.

गंमत म्हणजे ही नावं बोलण्यात फारशी येतच नाहीत. गावात विचारा, 'मराठी शाळेत जातो' असंच उत्तर मिळेल. हायस्कुलातही सगळं मराठीतच चालतं, तरी 'मराठी शाळा' म्हणजे प्राथमिकच. इंग्रजी पुढच्या शाळेत सुरू व्हायचं, त्या काळातला हा भेद आहे.

आता लेखनाचं. 'जीवनशिक्षण' हा समास, म्हणून जोडूनच लिहावा, 'विद्यामंदिर'ही तसंच. पाट्या रंगवणारे मधे ऐसपैस जागा सोडतात, आणि मग जीवनरावांचा शोध सुरू होतो.