मुलांची खेळखोली मांडताना

पंचवटीतील आमच्या जुन्या घरात खेळखोली मांडताना मी पहिली चूक केली ती रंगापासून सुरुवात करण्याची. तुम्ही मात्र आधी जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून खोली पाहावी. मोठ्या पेटाऱ्यात सगळी खेळणी कोंबली, की तळचे खेळणे काढण्यासाठी मूल पेटाराच उपडा करते, म्हणून दीड-दोन फूट उंचीची उघडी मांडणी घ्यावी, तिच्यावर आठ-दहाच खेळणी ठेवावीत आणि उरलेली माळ्यावर ठेवून दर पंधरवड्याने अदलाबदल करावी. ओळखीच्या बागाईतदाराकडचे द्राक्षांचे जुने क्रेट ठोकळ्यांसाठी उत्तम (साबणाने धुतल्याशिवाय मात्र वापरू नयेत, फवारणीचा अंश उरलेला असू शकतो). कपाट भिंतीला स्क्रूने पक्के करावे, कारण मुले खणांचीच शिडी करतात. तीन वर्षांखालील मूल असेल, तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी वस्तू त्याच्या हाताला लागता कामा नये. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बहुतेक खेळण्यांना बंधनकारक आहे. सजावटीसाठी एका भिंतीला फळ्याचा काळा रंग पुरे, फक्त पावसाळ्यात ओल धरणारी भिंत त्यासाठी निवडू नये.