शरीराचं क्षेत्रफळ नव्हे, पृष्ठफळ म्हणा की!

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय, आईच्या केमोच्या कागदावर 'बीएसए 1.5' (बीएसए म्हणजे बॉडी सरफेस एरिया) असं लिहिलंय, घरातले त्याला शरीराचं आकारमान म्हणतात, नर्सबाई क्षेत्रफळ म्हणाल्या, मग मराठीत बरोबर काय? आकारमान तर सरळ चूक, ते म्हणजे शरीरानं किती जागा व्यापली ते. क्षेत्रफळ म्हटलं की सपाट तुकडा डोळ्यापुढं येतो, आणि इथं मोजायचीय कातडी, बाहेरून सगळीकडून. त्याला शब्द आहे पृष्ठफळ, आणि दहावीच्या भूमितीत शंकूचं वक्रपृष्ठफळ काढताना आपण सगळ्यांनी तो लिहिलाय, तरी दवाखान्यात पाऊल टाकलं की कुणालाच आठवत नाही याचा मला लई राग येतो.

आता काही जाणकार 'पृष्ठीय क्षेत्रफळ' सुचवतात. ते हिंदी पाठ्यपुस्तकातलं आहे, आपल्याकडं एका शब्दात काम होत असताना दोन कशाला? वर आणखी काहींचा आक्षेप असा की पृष्ठ म्हणजे पाठ, मग पोटाचं काय? अहो, भूपृष्ठ म्हणता तेव्हा पृथ्वीची पाठ कुठली आणि पोट कुठलं? आणि भास्कराचार्यांनी 1150 साली लीलावतीत हे मिटवून टाकलंय. वर्तुळाचं क्षेत्रफळ चारानं गुणा, गोलावरचं फळ मिळतं, आणि ते कसं, तर 'परितः कन्दुकस्येव जालम्', चेंडूभोवतीच्या जाळीसारखं. पुढच्याच ओळीत त्याला 'फलं पृष्ठजं' म्हटलंय. पृष्ठ आणि फळ शेजारी शेजारी, अजून काय पुरावा पाहिजे!

गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या ड्युबॉय आडनावाच्या दोन संशोधकांनी माणसाची अशी जाळीच काढली. अंगाला घट्ट कपडा, त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, मग तो साचा कापून सपाट करायचा आणि मोजायचा. अशा अवघ्या 9 जणांवरून 1916 साली उंची-वजनावरून पृष्ठफळ काढायचं त्यांचं सूत्र आलं आणि जगभर चाललं.

फळ शब्दाबद्दल माझं मत पक्कं आहे. कोशवाले म्हणतात फळ म्हणजे नुसतं गणिताचं उत्तर. मला पटत नाही. क्षेत्र म्हणजे शेत, फळ म्हणजे त्यात पिकतं ते, आणि आपल्याकडं आजही 'किती गुंठे' च्या पाठोपाठ 'किती टन ऊस' हा प्रश्न येतोच, तर माप आणि पीक एकाच शब्दात बसले ते शेतकऱ्याच्या तोंडूनच, पंडितांनी नंतर उचललं.

दुसरी चीड 'तो 40 टक्के भाजला' ऐकून येते, कारण लोकांना वाटतं किती खोल भाजलं त्याचा हा आकडा. तो पृष्ठफळाचा वाटा आहे. मोठ्या माणसाचं डोकं-मान 9, एकेक हात 9, एकेक पाय 18, धड पुढून 18, मागून 18, उरलेला 1 जांघेचा. बोटांसकट रुग्णाचा स्वतःचा तळहात साधारण 1 टक्का. नुसती लाल झालेली कातडी यात धरत नाहीत. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, म्हणून त्याचा हिशोब वेगळा.

तर ताई, तुमचा 1.5 म्हणजे दीड चौरस मीटर. मोस्टेलरचं 1987 चं सूत्र सोपं आहे, उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले 3600, त्याचं वर्गमूळ. 150 उंची आणि 54 वजन असेल तर बरोब्बर 1.5 येतं. केमोची बरीच औषधं दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम अशी ठरतात, म्हणून मधल्या काळात आईचं वजन बरंच उतरलं असेल तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना ताजं वजन सांगा आणि पृष्ठफळ परत काढलं का ते विचारा.