विचारा, सांगते : रविवार सोडून जा!

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला जातोय. एका रविवारी पहाटे निघायचं, अमिश या जुन्या चालीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची गावं, हर्शीचं चॉकलेट आणि गेटिसबर्गची रणभूमी उरकून रात्री घरी परतायचं, असा त्याचा बेत आहे. माझे गुडघे कुरकुरतात, ही अंडंसुद्धा खात नाही. झेपेल का? आणि साधेपणानं राहणाऱ्या माणसांना असं ‘बघायला’ जाणं बरं दिसतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : चिरंजीवांना म्हणावं, बेत झकास आहे, फक्त वार चुकला आणि एक ठिकाण जास्त झालं.

फिलाडेल्फियाजवळ मी अठरा वर्षं संसार केला. पहिल्यांदा अमिशांच्या मुलखात, पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत गेलो तो असाच रविवारी, सासूबाईंना घेऊन. अमिशांची दुकानं बंद, शेतातले स्टॉल बंद. त्यांच्यात चर्चची इमारत नसते. एक आड एक रविवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. त्या दिवशी एका खळ्यात राखाडी बग्ग्या ओळीनं उभ्या होत्या आणि आम्ही रस्त्याकडेला गाडीत बसून घरून नेलेल्या पुऱ्या खात होतो. सासूबाई म्हणाल्या, “लग्नाला आल्यासारखं वाटतंय, आमंत्रण तेवढं नाही.”

म्हणून मुलाला शुक्रवारची रजा टाकायला लावा आणि दोन रात्री तिथेच राहा. एडिसनहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. शुक्रवार एवढ्यासाठी की इफ्राटा गावचा ग्रीन ड्रॅगन बाजार फक्त त्याच दिवशी भरतो. आपल्या आठवडी बाजाराचाच भाऊ समजा. एकीकडे भाजी, लोणची, पाव; दुसरीकडे कोंबड्या-सशांचा लिलाव. लिलाव पुकारणाऱ्याचं बोलणं मला अठरा वर्षांत एकदाही कळलं नाही.

तिथून महामार्ग टाळून जुना फिलाडेल्फिया पाइक, म्हणजे ३४० नंबरचा रस्ता धरा. वाटेत बर्ड-इन-हँड लागतं, पुढे इंटरकोर्स. हो, गावाचं नाव हेच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ येणं-जाणं, व्यवहार असाही होता. पाटीपाशी मुलगा खाकरेल, तुम्ही खुशाल फोटो काढा.

माणसांचे मात्र काढू नका. मूर्ती-प्रतिमा करू नये ही बायबलातली आज्ञा ते स्वतःच्या चेहऱ्यालाही लावतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. टक लावून बघायला जाऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा. फाटकाशी ‘मका’ अशी हाताने लिहिलेली पाटी दिसली की थांबायचं, चार कणसं घ्यायची, हवापाण्याचं बोलायचं. आपसात ते जर्मनची एक बोली बोलतात. तिला ‘पेन्सिल्व्हेनिया डच’ म्हणतात, पण हॉलंडशी तिचा संबंध नाही. ‘डॉइच’चं ते ‘डच’ झालं. १६९३ साली याकोब अम्मान नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे जी मंडळी वेगळी झाली, त्यांचे हे वंशज. अठराव्या शतकात धर्माचं स्वातंत्र्य मिळेल म्हणून विल्यम पेननं वसवलेल्या या वसाहतीत आले.

यंत्राचा त्यांना तिटकारा आहे असंही नाही. घरात विजेची तार येत नाही, पण फ्रिज गॅसवर चालतो. फोन घरात नाही, शेताच्या कडेला लाकडी खोपटात असतो. काय घ्यायचं नि काय नाही, हे प्रत्येक धर्ममंडळी आपापलं ठरवते. घरोघरी कप्पीवरची लांब दोरी दिसेल, परसापासून थेट गोठ्याच्या माथ्यापर्यंत. तिच्यावर काळ्या विजारी, मग जांभळे, निळे, हिरवे झगे, सगळे एकरंगी. फुलाफुलाचं छापील कापड एक नाही. मी त्या दोऱ्या बघत तासन्‌तास घालवलेत.

बग्गी पुढे आली तर मुलाला हॉर्न वाजवू देऊ नका. आमच्या ह्यांनी एकदा वाजवला. घोडा बिचकून बाजूला सरकला, बग्गीमागचा, सावकाश वाहनाची खूण असलेला केशरी त्रिकोण हेलकावला. हाकणाऱ्यानं लगाम आवळला आणि वळून न बघता एक बोट वर केलं. राग होता की नमस्कार, अजून ठरत नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर शनिवारी स्ट्रासबर्गची वाफेची आगगाडी. १८३२ च्या सनदेवरची ही रेल्वे अजून धावते. पाऊण तास नुसतं बसायचं, शेतातून पॅराडाइज नावाच्या गावापर्यंत जाऊन परत. खेचरं जुंपून नांगरणारा शेतकरी खिडकीतूनच दिसतो.

वहिनींच्या खाण्याचं जरा अवघड आहे. शू-फ्लाय पाय, ती काकवीची गोड पाय, प्रसिद्ध. पण पारीत बरेचदा डुकराची चरबी असते आणि सारणात अंडं. नूडल्स अंड्याच्या, घेवड्याच्या सुपात हॅम. विचारल्याशिवाय काही घेऊ नका. लिटिट्झला ज्युलियस स्टर्जिसची १८६१ सालची प्रेट्झेल बेकरी आहे. प्रेट्झेल म्हणजे पिठाची वेटोळी वळून भाजलेला खारा पदार्थ; तिथे पीठ वळायला शिकवतात. प्रेट्झेल बहुधा चालेल, तरी विचाराच. बाकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

गोधड्यांच्या दुकानात वहिनींना नक्की न्या. हातशिलाईच्या मोठ्या क्विल्टला हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. उलटी करून टाके बघा, घेतली नाही तरी कुणी रागावत नाही. माझ्या आजीची वाकळ जुन्या लुगड्यांची होती. या नव्या कापडाच्या, पण टाका तोच.

रविवारी हर्शी, पाऊण तासावर. चॉकलेट वर्ल्ड ही खरी फॅक्टरी नव्हे, कारखान्याचा देखावा आहे. त्यातली फेरी फुकट. नातवंडं नसतील तर तासाभरात निघा. रस्त्यावरचे दिवे ‘किसेस’ या हर्शीच्या छोट्या चॉकलेटच्या आकाराचे आहेत, ते बघून घ्या. गेटिसबर्ग या खेपेला सोडा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६३ ची ती तीन दिवसांची लढाई केवढ्या तरी माळावर पसरली होती, तिला वेगळा दिवस हवा.

आणि हो, एक-एक डॉलरच्या सुट्या नोटा खिशात ठेवा. कितीतरी स्टॉलवर माणूस नसतो, नुसता पैशांचा डबा असतो आणि सुटे कुणी देत नाही. मका त्याच संध्याकाळी उकडा, दुसऱ्या दिवशी तेवढा गोड लागत नाही.