घडीचा चाकू: खूण मुठीवर नाही, पात्याच्या बुडाशी

आर्वीच्या भंगारवाल्याकडून लाल मुठीचा स्विस चाकू घेतला. खरा आहे का आणि किती जुना?

भाऊ, लाल मूठ कोणीही बसवतो, तिच्यावर जाऊ नका. मोठं पातं अर्धं उघडा आणि बुडाचा बोथट भाग तिरप्या उजेडात भिंगाने वाचा. 'व्हिक्टोरिनॉक्स' हे स्विस कंपनीचं नाव असेल तर चाकू १९२१ च्या आधीचा नाही; 'इनॉक्स', म्हणजे न गंजणारं पोलाद, हे तेव्हाच नावाला जोडलं गेलं. पाठीवर फुलीचा पेचकस असेल तर १९५७ किंवा त्यानंतरचा. पिशवी उचलायचा आकडा असेल तर १९९१ च्या आधीचा नक्कीच नाही. उलट हिशेब मात्र चालत नाही. आकडा मुळातच नसलेली मॉडेलं आजही निघतात, म्हणून आकडा नाही एवढ्यावरून चाकू जुना ठरवू नका.

मग मिटलेली लांबी व्हर्नियरने मोजा. एका मिलिमीटरचा प्रश्न आहे, पट्टी पुरत नाही. ८४ किंवा ९१ मिमी व्हिक्टोरिनॉक्सची मापं, ८५ मिमी मुळात वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीचं. चिन्हातला क्रॉस ढालीत असेल तर व्हिक्टोरिनॉक्स, गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात असेल तर वेंगर. वेंगर २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनेच विकत घेतली. नक्कल बहुधा हातालाच कळते: पातं ढिलं, मिटताना 'टक्' नाही, थरांमधून उजेड दिसतो.

ॲल्युमिनियमच्या मुठीचा आहे, पात्याच्या बुडाशी ७८ कोरलंय. मॉडेल नंबर का?

नाही, साल: १९७८. हा स्विस सैनिकांचा १९६१ चा नमुना, ९३ मिमी. पातं, आरी, डबा उघडणी आणि पेचकस, बस. ते कोरलेले अंक उथळ असतात. पॉलिशच्या चाकावर धराल तर ओळखच घासून जाईल.

लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल चाकू पावसाळ्यात उघडतच नाही. भावाकडच्याला तर कडीच नाही. कोणता जुना?

आधी मुठीवरचा नंबर पाहा. पातं अडकवणारी फिरणारी कडी १९५५ मध्ये आली, पण २ ते ५ नंबरच्या लहान चाकूंना ती आजही नसते. नंबर ६ किंवा मोठा असून कडी नसेल, तर चाकू १९५५ पूर्वीचा असू शकतो. घाई करू नका, कडी निखळूनही पडते. आतल्या पट्टीवर ती फिरल्याचे गोल चरे आहेत का बघा. पातं मिटलेलं असतानाही कडी अडकत असेल, तर चाकू २००० नंतरचा.

न उघडण्याचं कारण लाकूड. बीचचं लाकूड ओल धरून फुगतं आणि खाच पात्याला आवळते. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक पाटावर ठोका, पातं थोडं वर येतं. उन्हाळ्यात मूठ पूर्ण सुकल्यावर खाचेत बारीक सँडपेपर फिरवा आणि कच्चं जवसाचं तेल दोन-तीन हात द्या. प्रत्येक हात सुकू द्या. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेते. पसरून वाळवा. सांध्याला मात्र शिलाई मशीनचं तेल. जवसाचं तिथे चिकट होऊन बसतं.

शेंदूरजना घाटहून: संत्र्याचे डोळे भरायचा (कलम करायचा) जुना घडीचा चाकू मिळाला. उतार एकाच बाजूला आहे. कोणी चुकीची धार लावली का?

नाही, तो तसाच असतो. सपाट बाजूमुळे काप सरळ येतो. दगडावर फक्त उताराची बाजू घासा. सपाट बाजू शेवटी एकदाच, पूर्ण टेकवून, घासताना निघालेली पोलादाची बारीक कोर काढण्यापुरती. दोन्ही बाजूंना उतार दिलात तर डोळ्याची साल फाटेल, आणि संग्रहातही त्याची किंमत जाईल. डाव्या आणि उजव्या हाताचे नमुने वेगळे येतात, नोंदीत तेही लिहा. साल उचलायची पट्टी पात्याच्या पाठीवर आहे की मुठीच्या टोकाला, पितळी की प्लास्टिकची, हेही लिहून ठेवा.