वाळा एकाच पायात रुततोय

प्रश्न: मावशी, आम्ही परभणी जिल्ह्यातले. लेकरू जन्मलं तेव्हा ४.५ किलोचं होतं. आता ७ महिन्यांचं आहे आणि ११ किलो भरलं. जीभ सारखी जराशी बाहेर असते. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी आणि जनुकीय तपासणी सांगितली. सासूबाई म्हणतात, बाळसं आहे, दृष्ट लावू नका. हे म्हणतात, काही निघालं तर पोरावर कायमचा शिक्का बसेल. काय करू? डाव्या पायातला वाळाही रुतायला लागलाय, उजव्यातला सैल फिरतो.

उत्तर: पोरी, वाळ्याचं तू शेवटी जाता जाता लिहिलंस, मी मात्र तिथंच थांबले. बाळसं दोन्ही पायांवर सारखंच चढतं. ७ महिन्यांच्या मुलाचं वजन सरासरी ८.३ किलो असतं. त्याहून जास्त भरणारी कितीतरी लेकरं ठणठणीत असतात, तेवढ्यावरून मी घाबरले नसते. पण जन्मापासूनचं वजन, मोठी जीभ आणि एक पाय जाड, हे तिन्ही एकत्र आलं की डॉक्टरांना बेकविथ-विडेमन सिंड्रोमची शंका येते. त्यात अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचं काम बिघडलेलं असतं. अशा बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच असते, वाढीचा वेगही पुढं मंदावतो. पण पहिल्या काही वर्षांत मूत्रपिंडात किंवा यकृतात गाठ होण्याचा धोका इतर लेकरांपेक्षा जास्त असतो. बहुतेकांना ती होत नाही. झालीच आणि लहान असताना सापडली, तर बहुतेक मुलं बरी होतात. म्हणून तर साधारण सात वर्षांचं होईपर्यंत दर ३ महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

तेव्हा सोनोग्राफी याच आठवड्यात करून घे. त्यात सुई नाही, दुखणं नाही. पोटावर थंडगार जेल लावतात तेवढं रडेल. जनुकीय तपासणीला थोडं रक्त लागतं, नमुना बहुधा बाहेरगावी जातो. एक मात्र लक्षात ठेव. बदललेल्या पेशी कधी कधी रक्तात नसतात, शरीराच्या एखाद्याच भागात असतात. रिपोर्ट चांगला आला तरी सोनोग्राफी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नकोस. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी कर, किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात दाखव. गरोदरपणातल्या साखरेबद्दल तू काही लिहिलं नाहीस. आईची साखर वाढलेली असली तरी बाळ मोठं होतं, म्हणून तुझीही तपासून घे.

नवऱ्याची भीती मला कळते. गावात एकदा नाव पडलं की ते पोराच्या लग्नापर्यंत पुरतं. पण रिपोर्ट तुमच्या कपाटात राहणार, तो कुणाला दाखवायचा हे तुम्हीच ठरवायचं. गाठीचं तसं नसतं, हे त्यांना शांतपणे सांग. डॉक्टरांसमोर दोघं मिळून बसा.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना तीट लावू दे आणि सोबत दवाखान्यात घेऊन जा. तो डावा वाळा मात्र आजच काढायचा. त्यांनाच काढायला सांग, दोन्ही पाय त्यांच्या हातात येऊ देत.