औषध तेच, गोळी वेगळी

"जेनेरिक सुरू केल्यापासून गोळी लागूच पडत नाही. स्वस्त आहे म्हणजे त्यात औषध कमीच असणार ना?"

चिंताविकारावर उपचार घेणारे बरेच जण हे विचारतात. (जेनेरिक म्हणजे ब्रँडच्या गोळीतलंच औषध असलेली, सहसा स्वस्त गोळी.) माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एका बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांची तब्येत तीन आठवड्यांपासून बिघडलेली होती (ओळखीचे तपशील बदलले आहेत). सकाळ बरी जायची. संध्याकाळ झाली की छातीत धडधड, हाताला कंप. मग रात्री त्या जुन्या ब्रँडच्या उरलेल्या गोळ्यांतली एक घ्यायच्या.

रोज ठरावीक वेळीच त्रास होतो, हे खटकणारं होतं. त्यांना दोन्ही स्ट्रिप्स आणायला सांगितल्या. ब्रँडचं नाव ठळक छापलेलं असतं, वाचायचं असतं ते त्याखालचं बारीक अक्षर. दोन्हींवर अल्प्राझोलाम, दोन्हींवर ०.५ मिलिग्रॅम. पण जुनीवर पुढे 'एसआर' होतं, नवीवर नव्हतं.

एसआर (सस्टेन्ड रिलीज) गोळी औषध हळूहळू सोडते, म्हणून ती दिवसातून एकदा पुरते. (ती तोडायची किंवा चावायची नसते, नाहीतर सगळं औषध एकदम सुटतं.) साध्या गोळीचं औषध एक-दोन तासांत रक्तात सर्वाधिक होतं आणि पुढे साधारण ११ तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे ती सहसा दोन-तीन वेळा विभागून देतात. बाई ती सकाळी एकदाच घेत होत्या. संध्याकाळी त्रास व्हायचाच. यात जेनेरिकचा काही दोष नव्हता.

रात्रीची गोळी जास्त काळजीची होती. नावं वेगळी म्हणजे औषधंही वेगळी, असं त्या धरून चालल्या होत्या. प्रत्यक्षात एकाच औषधाचा रोजचा डोस दुप्पट झाला होता. सकाळी डोकं जड वाटायचं, उठताना तोल जायचा, ते त्यामुळेच असण्याची शक्यता होती. अशा वेळी दारू, झोपेच्या गोळ्या आणि अफूजन्य वेदनाशामकं यांबद्दल आम्ही स्पष्टच विचारतो. यांतलं काही सोबत घेतलं, तर श्वास धोकादायक पातळीपर्यंत मंदावू शकतो.

डोस बदलणं समुपदेशकाचं काम नाही. बाईंच्या संमतीने त्याच दिवशी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोललो. त्यांनी जेनेरिकच ठेवली, फक्त चिठ्ठीत 'एसआर' स्पष्ट लिहिलं आणि जादाची गोळी कशी थांबवायची तेही ठरवून दिलं.

'जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी चालतं' हा गैरसमज मात्र चिवट आहे. मूळ औषधाशी तुलना करताना ८० ते १२५ टक्के ही मर्यादा वापरतात, हे खरं. पण ती गोळीत किती औषध भरलंय याची नसते. रक्तात किती औषध पोहोचतं याच्या अंदाजाची खालची आणि वरची, दोन्ही टोकं त्या मर्यादेत बसावी लागतात, म्हणून प्रत्यक्ष सरासरी फरक बराच कमी निघतो. रंग, आकार आणि गोळी बांधायला वापरलेले पदार्थ वेगळे असू शकतात. लॅक्टोज सोसत नसेल, तर घटकांची यादी जरूर बघावी.

कधी सगळं जुळूनही त्रास वाढतो. 'ही गोळी चालणार नाही' या धास्तीने माणूस छातीकडेच कान लावून बसतो आणि साधी धडधडही मोठी वाटू लागते. हा त्रासही खराच असतो, त्याला खोटं म्हणू नये. गोळी बदलल्यावर दोन आठवडे नोंद ठेवावी: गोळी कधी घेतली, त्रास कधी झाला, तो शून्य ते दहामध्ये किती होता. डॉक्टरांना 'बरं वाटत नाही' यापेक्षा ही नोंद जास्त कामाची. जमेल तिथे एकाच कंपनीची गोळी मागावी आणि जुन्या स्ट्रिप्स घरात साठवू नयेत.

जाताना बाई म्हणाल्या, "एवढी भानगड असेल तर उद्यापासून बंदच करते." हे तर अजिबात करायचं नाही. नियमित घेतलेलं अल्प्राझोलाम एकदम थांबवलं, तर चिंता उसळते, झोप उडते, काहींना फिटचे झटकेही येतात. डोस सहसा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असं उतरवत नेतात आणि तो वेगही डॉक्टरच ठरवतात.